मुळशीच्या पावसात पडदे कशाला?

जुलैच्या मध्याला मुळशी तालुक्याच्या पश्चिमेकडल्या एखाद्या बंगल्याचे दार तीन आठवड्यांनी उघडले, की आधी वास येतो. कुबट, ओलसर, भिजून पडलेल्या पोत्यासारखा. दिवे लागले, की खिडकीशी लोंबणाऱ्या पडद्यांवर काळे-करडे ठिपके दिसतात. खालच्या काठाला आणि भिंतीकडच्या चुण्यांमध्ये ते दाट असतात, खोलीकडच्या बाजूला विरळ. कोणीतरी पडदा तिथेच झटकते आणि मग दिवसभर घरात शिंका चालू राहतात. रविवारी संध्याकाळी मंडळी पुण्याला परततात तेव्हा पडद्यांवर सुगंधी फवारा मारलेला असतो, खिडक्या घट्ट लावलेल्या असतात आणि बुरशीला पुढच्या तीन आठवड्यांची निश्चिंती मिळालेली असते.

सुट्टीपुरत्या घरांचीच ही गोष्ट नाही. हिंजवडी, माण, बावधनच्या उंच इमारती मुळशी तालुक्यातच येतात. तिथे पावसाळ्याचे चार महिने धुतलेले कपडे दिवाणखान्यात वाळतात. भूगाव, भुकूम, लवळे या पट्ट्यात विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या खोल्या आहेत, त्यांच्या खिडक्या तर पावसाळाभर उघडतच नाहीत. पडदा मात्र सगळीकडे आहे. घर लावताना तो पहिल्या आठवड्यात येतो आणि पुढे वर्षानुवर्षे कोणी त्याच्याकडे पाहत नाही.

मुळशीचा पाऊस हा साधा पाऊस नव्हे. पुण्याच्या शिवाजीनगर वेधशाळेत वर्षभरात सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून रस्त्याने जेमतेम दोन तासांवर असलेल्या ताम्हिणीत २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. लवासाला त्याच दिवशी साडेचारशेच्या वर. म्हणजे पुण्याच्या वर्षभराच्या पावसातला मोठा वाटा घाटमाथ्याने एका दिवसात रिचवला. पण बुरशीच्या दृष्टीने किती पाऊस पडला यापेक्षा हवा किती दिवस ओली राहिली हे महत्त्वाचे आहे. दावडी, शिरगाव, ताम्हिणीच्या बाजूला आषाढात आठ-आठ, दहा-दहा दिवस सूर्य दिसत नाही, ढग अंगणात उतरतात आणि हवेची आर्द्रता रात्रंदिवस नव्वद टक्क्यांच्या वर राहते. ओले झालेले कापड किंवा भिंत एक-दोन दिवसांत कोरडी झाली तर बुरशी सहसा धरत नाही, असा सर्वसाधारण नियम आहे. इथे ते एक-दोन दिवस मिळतच नाहीत.

आणि इथेच बुरशीवरचा सर्वांत लोकप्रिय सल्ला फसतो. ‘खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा.’ हा सल्ला मुळात थंड देशांतला आहे आणि तिथे तो अगदी बरोबर आहे. हिवाळ्यात बाहेर पाच अंश तापमान असते. त्या हवेच्या एका घनमीटरमध्ये फार तर पावणेसात ग्रॅम बाष्प मावते. तीच हवा घरात येऊन वीस अंशांपर्यंत तापली, की तिची बाष्प धरण्याची ताकद सतरा ग्रॅमच्या पुढे जाते आणि सापेक्ष आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे बाहेर धुके असले तरी खिडकी उघडल्यावर घर कोरडे होते. मुळशीत जुलैमध्ये बाहेर बावीस अंश आणि ९५ टक्के आर्द्रता असते, म्हणजे घनमीटरला अठरा ग्रॅमच्या वर बाष्प. घरातही तापमान तेवढेच. खिडकी उघडली की कोरडी हवा येत नाही, ढग आत येतो.

मग बंद ठेवावी? तर आतली माणसे, स्वयंपाक, आंघोळ आणि वाळत घातलेले कपडे यांचे पाणी आतच कोंडते. एका वेळच्या यंत्रातल्या धुण्यातून, चांगले पिळून काढलेले असले तरी, दीड-दोन लिटर पाणी हवेत जाते. दहा बाय बाराच्या खोलीतली सगळी हवा बावीस अंशांना काठोकाठ भरली तरी तिच्यात पाऊण लिटरसुद्धा बाष्प मावत नाही. उरलेले पाणी कुठे जाणार? भिंतीत, गादीत आणि पडद्यात. स्वयंपाकाच्या गॅसचा हिशेब तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. एक किलो गॅस जळाला की साधारण दीड किलोच्या वर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. १४.२ किलोची एक टाकी संपते तेव्हा वीस लिटरांहून जास्त पाणी स्वयंपाकघराच्या हवेत गेलेले असते. भाताची, चहाची वाफ त्यात धरलेली नाही.

या भागातली जुनी घरे हा प्रश्न कसा सोडवत होती, ते पाहण्यासारखे आहे. उतरती कौले, लांब वळचण, चारी बाजूंनी पडवी. पावसाचा मारा मुख्य भिंतीपर्यंत पोचू नये म्हणून पश्चिमेच्या बाजूला पेंढ्याचा किंवा गवताचा आडोसा. आत दिवसभर पेटती चूल. तिच्या उष्णतेने घराचे तापमान बाहेरपेक्षा तीन-चार अंशांनी वर राही आणि गरम हवा कौलांच्या फटींतून निघून जाई. बावीस अंशांची ९५ टक्के दमट हवा सव्वीस अंशांपर्यंत तापली, की तिच्यात पाणी तेवढेच असूनही सापेक्ष आर्द्रता पंच्याहत्तरवर येते. बुरशीला वाढायला कापडाच्या किंवा भिंतीच्या पृष्ठभागाजवळ ढोबळमानाने ऐंशी टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. म्हणजे चार अंशांच्या फरकात सगळा खेळ पालटतो. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर बाळाची दुपटी वाळवण्याची पद्धत कित्येक घरांत आजच्या आज्यांना आठवत असेल. त्यामागचे शास्त्र हेच. चुलीच्या धुराने बायकांच्या फुप्फुसांची जी हानी केली ती लक्षात घेता चुलीकडे परत जा असे कोणी म्हणणार नाही, म्हणूही नये. पण चूल गेली तेव्हा तिच्याबरोबर घर कोरडे ठेवणारी यंत्रणाही गेली आणि तिच्या जागी काहीच आले नाही, हे नोंदवले पाहिजे. शिवाय त्या घरांत पडदे नव्हते.

पडदाच का, हा प्रश्न रास्त आहे. बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिची डोळ्यांना न दिसणारी धूळरूपी बीजे, हवेत बाराही महिने असतात. त्यांना पाणी, खाद्य आणि स्थिर हवा एवढेच हवे असते, आणि तिन्ही गोष्टी पडद्यामागे आयत्या मिळतात. खिडकीची काच आणि बाहेरची भिंत हा घरातला सर्वांत थंड भाग. पडदा ओढला की त्याच्यामागे हवा हलत नाही, खोलीची ऊब तिथे पोचत नाही. सरकत्या खिडकीच्या खाचेत साठलेले पाणी पडद्याचा काठ शोषून घेतो आणि वातीसारखे वर चढवतो. सुती कापड स्वतःच पाणी धरून ठेवते. नेहमीच्या हवेत शंभर ग्रॅम कोरड्या सुताला सात-आठ ग्रॅम पाणी चिकटलेले असते, हवा दमट होत गेली की ते दुपटीच्या पुढे जाते. पॉलिएस्टरमध्ये एवढ्याच वजनाला अर्धा ग्रॅमसुद्धा नसते. म्हणून पॉलिएस्टरचा पडदा लवकर वाळतो. पण त्याच्यावर साचलेली धूळ, स्वयंपाकघरातला तेलकट थर आणि हातांचा मळ हे खाद्य बुरशीला पुरते. सध्या लोकप्रिय असलेले, प्रकाश पूर्ण अडवणारे जाड पडदे तर याबाबतीत सर्वांत वाईट. त्यांच्या पाठीवरचा रबरासारखा लेप ओल आत कोंडतो, त्या लेपात बुरशी शिरली की धुऊन निघत नाही आणि घासले तर लेपच सुटतो.

सूत म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, आणि काही बुरश्यांचे ते मुख्य अन्नच आहे. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातल्या बेटांवर अमेरिकी सैन्याचे तंबू, पट्टे आणि कापडी सामान शत्रूपेक्षा बुरशीने जास्त वेगाने खाल्ले. सॉलोमन बेटांवरच्या अशाच एका कुजलेल्या कॅनव्हासवर सापडलेल्या बुरशीला पुढे ‘ट्रायकोडर्मा रीसेई’ हे नाव मिळाले. तंबू कसे वाचवायचे हे शोधता शोधता शास्त्रज्ञांच्या लक्षात आले, की सेल्युलोजचे तुकडे करून साखर बनवणारी एन्झाइम तयार करण्यात तिचा हात धरणारे कोणी नाही. आज जीन्सला मऊपणा आणायला आणि काडीकचऱ्यापासून इथेनॉल बनवायला लागणारी एन्झाइम मोठ्या प्रमाणावर तिच्याकडूनच मिळवली जातात. गंमत अशी, की शेतातल्या टाकाऊ काडीपासून इंधन बनवण्यावर काम करणारे ‘प्राज’चे संशोधन केंद्र मुळशी तालुक्यातच, उरवड्याला आहे. सेल्युलोजची साखर होणे कारखान्यात हवेहवेसे असते. आपल्या पडद्यावर तेच घडले की कापड विरते.

कापड विरले तर नवे घेता येते. फुप्फुसांचे तसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी या विषयावर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर, बुरशी लागलेल्या घरांत राहणाऱ्यांना श्वसनाचे त्रास, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दम्याचा जोर वाढण्याचा धोका जास्त असतो, हा त्यांचा निष्कर्ष आहे. ‘इतकी बुरशी चालेल’ अशी सुरक्षित पातळी संघटनेने सांगितलेली नाही. ओल होऊ देऊ नका आणि झाली तर काढा, एवढेच सांगितले आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचा एक मुलगा दगावला. भाड्याच्या घरातल्या बुरशीशी दीर्घकाळ आलेला संपर्क हे त्याचे कारण असल्याचा निर्णय तिथल्या मृत्यू-चौकशी अधिकाऱ्याने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. घरमालक संस्थेकडे कुटुंबाने तक्रार केली होती. त्या मुलाच्या नावाने झालेला कायदा ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या सामाजिक गृहसंस्थांना लागू झाला आहे. तातडीचा धोका असेल तर त्यांना आता २४ तासांत हालचाल करावी लागते. आपल्याकडे भाडेकरूने भिंतीवरची बुरशी दाखवली, की घरमालक रंगाचा हात मारून देतो.

भारतातला पुरावाही कमी बोलका नाही. फुप्फुसे आतून जाड आणि ताठर करणाऱ्या आजारांची एक नोंदवही २०१२ ते २०१५ या काळात देशातल्या १९ शहरांमधल्या २७ केंद्रांनी मिळून ठेवली. १,०८४ रुग्णांपैकी ४७ टक्क्यांना ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’ होता. श्वासातून वारंवार आत गेलेल्या बुरशी, पक्ष्यांची पिसे-विष्ठा अशा सेंद्रिय कणांवर फुप्फुसांनी दिलेली ही दीर्घकाळची प्रतिक्रिया असते. त्यातल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या घरी एअर कूलर होता, म्हणजे सतत ओले राहणारे गवताचे किंवा कागदाचे पॅड आणि त्यावरून थेट तोंडावर येणारी हवा. मुळशीत कूलर फारसा लागत नाही. पण खिडकीतून येणारा वारा बुरशी धरलेल्या पडद्यातून गाळून पलंगावर येत असेल, तर मामला त्याहून फार वेगळा नाही.

दम्याच्या रुग्णांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. ‘अॅस्परजिलस’ ही घरातली नेहमीची बुरशी. काही दमेकऱ्यांच्या श्वासनलिकांत ती ठाण मांडते आणि तीव्र अॅलर्जी निर्माण करते. खोकला, ताप, तपकिरी गुठळ्यांचा कफ, एक्स-रेवर डाग. आपल्याकडे असे चित्र दिसले की क्षयरोगाची शंका आधी येते, आणि क्षयाचे निदान पक्के न होताच काही रुग्णांना महिनोन्‌महिने क्षयाची औषधे दिली गेल्याचे भारतीय छातीरोगतज्ज्ञांनी वारंवार लिहिले आहे. दमा इन्हेलर वापरूनही आटोक्यात येत नसेल, तर ‘अॅस्परजिलस’च्या अॅलर्जीसाठी रक्ताची तपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. त्यांना घराचे वर्णनही सांगावे. खोकला घरी असताना वाढतो आणि आठवडाभर गावाला गेले की उतरतो, ही माहिती कित्येकदा महागड्या तपासणीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

उलट बाजूने भीतीचा अतिरेकही होतो. २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेमागून म्युकरमायकोसिस आला, महाराष्ट्राने त्याची मोठी झळ सोसली, आणि ‘काळी बुरशी’ हा शब्द घरोघरी पोचला. तेव्हापासून पडद्यावर, फ्रिजच्या रबरावर किंवा कांद्याच्या सालीवर काळे दिसले की लोक दचकतात. म्युकरमध्ये काळे पडते ते रक्तपुरवठा तुटून मेलेले शरीराचे ऊतक. तो रोग घडवणाऱ्या बुरश्या वेगळ्या, आणि अनियंत्रित मधुमेह, स्टेरॉइडचा भडिमार अशी परिस्थिती असल्याशिवाय त्या सहसा कोणाच्या वाटेला जात नाहीत. कांद्यावरची काळी पूड आणि पडद्यावरचे ठिपके यांच्याशी त्याचा संबंध नाही. ‘विषारी काळी बुरशी’ ही अमेरिकेतून आलेली धास्तीही अशीच. क्लीव्हलँड शहरात १९९३-९४ च्या सुमारास काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला. त्याचा संबंध ओल्या घरांतल्या ‘स्टॅकिबोट्रिस’ या बुरशीशी जोडला गेला. २००० साली तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने पुराव्याची पुन्हा छाननी केली आणि हा संबंध सिद्ध झालेला नाही असे जाहीर केले. ठिपके काळे की हिरवे, बुरशी कोणत्या जातीची, याने घरातला उपाय बदलत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे, पण पडद्याचा तुकडा घेऊन तिथे जाण्याची गरज नाही.

आता सफाई. पहिली चूक झटकण्याची. कोरडी बुरशी झटकली की बीजाणू खोलीभर उडतात आणि पुढच्या ओलीची वाट पाहत बसतात. पडदा उतरवताना ठिपक्यांची बाजू आत घेऊन सावकाश घडी घालावी, पिशवीत भरावी आणि घराबाहेर न्यावी. तोंडाला एन-९५ मास्क हवा, ओढणी किंवा रुमाल पुरत नाही. दमेकरी, केमोथेरपी चालू असलेले किंवा अवयव प्रत्यारोपण झालेले यांनी हे काम करू नये आणि ते चालू असताना त्या खोलीत थांबूही नये.

बुरशी मारणे आणि बुरशी काढणे यांत फरक आहे. मेलेल्या बुरशीचे कणही अॅलर्जी करतात. म्हणून नुसता फवारा मारून पडदा तिथेच ठेवण्यात अर्थ नाही, तो धुवावाच लागतो. सुती पडदा शिवताना जोडलेली पट्टी परवानगी देत असेल तर साठ अंशांच्या पाण्यात, चांगल्या साबणपावडरीत. रंगीत कापडासाठी ऑक्सिजनवाले ब्लीच मिळते. पांढऱ्या सुती कापडाला क्लोरिनवाले ब्लीच बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पातळ करून चालते. रेशीम आणि लोकर यांना ते अजिबात लावू नये. खेड्यांत विहिरीत टाकायला येणारी टीसीएल पावडर कपड्यांना वापरण्याचा मोह होतो, पण तिचा जोर कापडाला सोसत नाही आणि चुन्याचे डाग पडतात. व्हिनेगर सौम्य डागांवर काही प्रमाणात चालते. इतके करूनही करडी सावली उरू शकते. तो बुरशीचा रंग असतो, जिवंत बुरशी नव्हे. पडदा स्वच्छ धुतलेला, पूर्ण वाळलेला आणि वास नसलेला असेल, तर त्या सावलीकडे दुर्लक्ष करावे.

एक धोका मात्र ठळक अक्षरांत सांगायला हवा. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करू नये. ब्लीच आणि संडास साफ करण्याचे आम्ल तर कधीही नाही. दोन्हींतून क्लोरिन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये बादलीवर वाकून पडदा भिजवणाऱ्याच्या फुप्फुसांना तो काही मिनिटांत इजा करतो. ‘दोन्ही घातले की दुप्पट साफ’ हा समज दवाखान्यात नेऊन सोडतो. बुरशीने इतक्या झटपट इजा फार थोड्यांना केली असेल.

डांबराच्या गोळ्या कसरीसाठी आहेत, बुरशीसाठी नाहीत. शिवाय एका विशिष्ट आनुवंशिक कमतरतेच्या तान्ह्या मुलांत त्यांच्या वाफेने रक्तपेशी फुटू शकतात. कापूर, कडुनिंबाचा पाला, सुगंधी फवारा यांनी वास झाकला जातो. उदबत्ती-धूप त्यात धुराची भर घालतात. पाणी ओढून घेणारे डबे बंद कपाटात काम करतात, पण उघड्या खोलीत म्हणजे धरणाला वाटी लावण्यासारखे. कपाटात जुना पिवळा बल्ब लावून ठेवण्याची पद्धत मात्र खरोखर शास्त्रीय होती, कारण तो आतली हवा दोन-चार अंशांनी तापवत असे. आता एलईडी आले, ते तापत नाहीत. आणि पिवळा बल्ब कापडाला टेकला तर आग लागते, म्हणून त्याची शिफारस कोणी करणार नाही.

मग करायचे काय? आर्द्रता मोजणारे छोटे यंत्र काहीशे रुपयांत मिळते. ते भिंतीवर लावावे आणि खिडकी त्याच्याकडे पाहून उघडावी. पाऊस उघडला, ऊन पडले, बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा उतरला, की सगळ्या खिडक्या सताड. ढग अंगणात असताना बंद. स्वयंपाकघर आणि बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा मात्र पावसातही चालवावा, कारण तिथली गरम हवा बाहेरच्या हवेपेक्षा जास्त पाणी घेऊन बाहेर पडते. कपडे वाळवायला एकच खोली ठरवावी, तिचे दार लावून घ्यावे, आणि परवडत असेल तर आर्द्रता शोषणारे विजेचे यंत्र त्याच खोलीत ठेवावे. एसी असेल तर त्याची ‘ड्राय’ ही सोय वापरावी. भिंतीतून पाणी पाझरत असेल, तर यातले काहीच उपयोगाचे नाही. आधी गळती.

पडद्यापुरता सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे तो पावसाळ्यात लावूच नये. घाटमाथ्याजवळच्या घरांत तर नक्कीच. जूनचा पहिला पाऊस पडण्याआधी, मे महिन्याच्या उन्हात पडदे धुऊन कडक वाळवावेत, हवाबंद पिशवीत भरून ठेवावेत, आणि आडोशाला खिडकीवर साधी, पुसता येणारी गुंडाळी पट्टी किंवा काचेवर चिकटवायचा अपारदर्शक कागद लावावा. चार महिने घर थोडे उघडे-बोडके दिसेल. दिसू द्यावे. लोणची, पापड, धान्य यांची पावसाळ्याआधी व्यवस्था लावणाऱ्या समाजाला ही गोष्ट अवघड वाटू नये. ज्यांना पडदा हवाच, त्यांनी तो पातळ, बिनअस्तराचा, सहज धुता येणारा घ्यावा, जमिनीपासून चार बोटे वर ठेवावा आणि दांडी भिंतीपासून पुरेशी पुढे बसवावी, म्हणजे मागून हवा फिरेल.

बांधकाम करणाऱ्यांचाही यात वाटा आहे. पश्चिमेला तोंड करून मोठमोठ्या काचा आणि वर छज्जाचा पत्ता नाही, ही रचना जाहिरातीतल्या दरीच्या देखाव्यासाठी आहे, मुळशीच्या पावसासाठी नाही. जुन्या घरांची वळचण आणि पडवी जे काम फुकट करत होती, ते काम आता रहिवाशाने विजेच्या यंत्राने करायचे. तालुक्यातल्या बांधकामांना परवानगी देताना पीएमआरडीएने पावसाच्या बाजूला पुरेसा छज्जा, कपडे वाळवायला छपराखालची मोकळी जागा आणि बाहेर उघडणारा एक्झॉस्ट या तीन गोष्टींचा आग्रह धरायला हवा. घर विकत घेणाऱ्यांनीही ते जुलैमध्ये एकदा जाऊन पाहावे. जानेवारीत सगळीच घरे कोरडी असतात.

या सगळ्यात ज्यांचा विचार सहसा होत नाही, त्या बायका त्याच गावांतल्या असतात. शनिवारी मालक येणार म्हणून शुक्रवारी बंगला उघडून साफ करणाऱ्या. बंद घरातली तीन आठवड्यांची बुरशी सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त त्यांच्या नाकात जाते. कोरड्या झाडूने, तोंडाला पदर लावून, एकाच दिवसात तीन-तीन बंगले. त्यांच्या खोकल्याची नोंद कुठल्याच वहीत नसते. बंगल्याच्या किल्लीबरोबर मास्क आणि हातमोजे देणे, कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसायला सांगणे, आणि काम सुरू करण्याआधी अर्धा तास दारे-खिडक्या उघडून बाहेर थांबण्याचेही पैसे धरणे, हे मालकाला जड नाही. पडदे धुऊन परत लावायचे तर घटस्थापनेआधीचे दिवस बरे. घराघरांत तेव्हा सगळे धुणे निघतेच, आणि पाऊस ओसरला असेल तर अंगणात दिवसभराचे ऊनही मिळते.